शिवराक रोलबद्दल तक्रार

मुळगाव, डिचोली
२४ जानेवारी २०२५

मा. व्यवस्थापक,
'लाल तवा' उपाहारगृह, धारगळ शाखा, पेडणे

यांस,

सोमवारी दुपारी मी आपल्याकडे जेवले. माझी सून सेजल हिला मोपा विमानतळावर पोचवायचे होते. वेळ हाताशी होता म्हणून आम्ही हमरस्त्यावरच्या आपल्या शाखेत थांबलो. सेजलला फोन आला म्हणून ती बाहेर उभी होती. काउंटरवर मी एकटी गेले. छातीवर 'सुविधा' अशी पट्टी लावलेली एक मुलगी तिथे होती. तिला मी स्वच्छ शब्दांत सांगितले, "मला शिवराक पाहिजे. मांस नको, मासळी नको, अंडे नको."

"होय आज्जी, शिवराकच देते," ती म्हणाली. मी तिची आजी नाही. पण ते सोडून देते.

तिने चपातीत गुंडाळलेला एक रोल दिला. दुसऱ्याच घासाला दाताखाली धागे आले. उलगडून पाहिले. आत तपकिरी, धाग्याधाग्याने सुटणारे तुकडे, मसाल्यात लडबडलेले. ती कोंबडी होती. मी डोळ्यांनी अधू नाही. विज्ञानाची पदवीधर आहे आणि वीज खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहे. मी त्या मुलीकडे परत गेले आणि विचारले, "हे काय आहे?"

"ते तसंच असतं, आज्जी." एवढे बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सुनेचे विमान चुकू नये म्हणून मी तिथे तमाशा केला नाही. आता विचारते. त्या रोलमध्ये काय होते ते मला लेखी कळवावे, आणि त्या मुलीला काउंटरवरून हटवावे. पैसे परत नकोत. फोन नंबर देत नाही. फोनवर बोललेले नंतर कोणी कबूल करीत नाही.

पद्मावती गांवकर

*

'लाल तवा', धारगळ
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ग्राहक,

आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. आपण 'लाल तवा' परिवाराचा एक भाग आहात. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. प्रत्येक घासात आनंद देणं हेच आमचं ध्येय आहे. आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.

सदिच्छा म्हणून सोबत एक कूपन जोडत आहोत. आमच्या कुठल्याही शाखेत ते दाखवून आपण आमची लोकप्रिय तंदुरी थाळी मोफत घेऊ शकता.

आपला,
गौरेश शेटगांवकर
शाखा व्यवस्थापक

*

मुळगाव
७ फेब्रुवारी २०२५

श्री. गौरेश शेटगांवकर यांस,

मी आपल्या परिवाराचा भाग नाही. मी एकदा आपल्याकडे जेवले आणि त्याचा मला मनस्ताप झाला.

कूपन परत पाठवीत आहे. त्यावरचे चित्र आपण पाहिले होते काय? ती अख्खी कोंबडी आहे. रोलमध्ये कोंबडी निघाली अशी मी तक्रार केली आणि आपण मला कोंबडी बक्षीस दिलीत.

मी सरळ प्रश्न विचारला होता. आपल्या पत्रात ध्येय आहे, परिवार आहे, विभाग आहे. उत्तर तेवढे नाही. सरकारी कचेरीत अशी पत्रे मी स्वतः लिहीत असे, त्यामुळे ती कधी लिहितात हे मला ठाऊक आहे. माणूस काही झाकत असला की लिहितात.

आठवडाभर वाट पाहीन. नंतर अन्न तपासणाऱ्या खात्याकडे जाईन.

पद्मावती गांवकर

*

धारगळ
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय पद्मावतीबाई यांना सा. न. वि. वि.

कूपनचं चित्र मी पाहिलं नव्हतं. मुंबईहून कूपनांचा गठ्ठा येतो, त्यातलं वरचं काढून पाकिटात घातलं. पत्रही तिकडूनच तयार येतं, आम्ही फक्त सही करतो. तुमचं पत्र वाचून माझे कान गरम झाले. हे मी माझं मी लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

त्या दिवशी मी शाखेतच होतो. तुम्ही सांगता ते वर्णन जुळवून बघितलं. शिवराकमध्ये धागे सुटणारी आमच्याकडे एकच वस्तू आहे आणि ती कोंबडी नाही. तो कोवळा फणस आहे. शिजवून, धागे सोडवून, तंदुरी मसाला लावून तो गोठवलेल्या पिशव्यांतून येतो. शिवराकची चूल आमच्याकडे वेगळी आहे, उलथनी वेगळी, तेलही वेगळं. मी मोरजीचा. आमच्या आईचे सोमवार असतात, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचंच चालू देत नाही.

सुविधाला तुमच्या म्हणण्याप्रमाणे काउंटरवरून काढून आत पॅकिंगला बसवलं आहे. रडली थोडी. मुलगी वाईट नाही. गर्दीत तोंडाला येतं ते बोलते.

तुम्ही सोवळं पाळणाऱ्या घरातल्या दिसता. जन्मात कधी मांस शिवलं नसेल तर एका संशयानंही किती त्रास होतो हे मी समजू शकतो. मनाच्या समाधानासाठी काही शांत, शुद्धी करायची असेल तर सांगा, मी स्वतः येऊन उभा राहीन.

आपला नम्र,
गौरेश

*

मुळगाव
१५ फेब्रुवारी २०२५

श्री. गौरेश यांस,

या पत्राचे मराठी बरे आहे.

आधी आपला गैरसमज दूर करते. मी सोवळ्यातली बाई नाही. सोमवार आणि सणवार सोडले तर माझ्या घरात माशाच्या हुमणाशिवाय जेवण झाल्याचे मला आठवत नाही. बांगडा ताजा की कालचा हे मी टोपलीत न वाकता सांगते. म्हणून शुद्धी वगैरे ठेवा बाजूला.

आता खरे कारण. ते सांगितल्याशिवाय आपल्याला माझ्या प्रश्नाचे वजन कळणार नाही. माझा मुलगा अमोल मालवाहू जहाजावर इंजिनात काम करतो. गेल्या ऑगस्टपासून त्याचे जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभे आहे. मालकाने हात वर केले. घेणेकरी कोर्टात गेले. जहाजावर माणसे असलीच पाहिजेत म्हणून कोर्ट माणसांना उतरू देत नाही. चौदा जण आहेत. गुन्हा नाही, खटला त्यांच्यावर नाही, तरी अडकून पडले आहेत. आठवड्यातून एकदा फोन येतो, तोही कधी कधी अर्धाच. सेजल त्या दिवशी मुंबईला निघाली होती ती याच कामासाठी, कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला.

ऑक्टोबरात मी आमच्या केळबाई देवीला नवस बोलले, आंगवण केली. अमोल घराच्या उंबऱ्याआत येईपर्यंत मासळी आणि मांस तोंडाला लावणार नाही. देवळात दुसरे कोणी नव्हते. घरी सांगितले की डॉक्टरांनी बंद केले आहे. सेजलला खरे कळले तर ती रडेल, आणि तिने रडणे मला सध्या परवडत नाही. आपल्याला सांगते आहे कारण आपण परके आहात.

आपल्याकडे जेवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सेजलचा फोन आला. सुनावणी पुढे ढकलली, नवी तारीख दिलेली नाही. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. धारगळच्या रोलमुळे परदेशातले कोर्ट सुनावणी पुढे ढकलत नाही, हे मला कळते. दिवसा कळते. दिवा मालवला की कळेनासे होते.

आणि फणस म्हणता. माझ्या परसात फणसाची चार झाडे आहेत. हाताला तेल लावून कोवळा फणस चिरण्यात माझा जन्म गेला. मुळगावच्या बाईला तोंडातला फणस ओळखता आला नाही, असे आपण मला लेखी कळवता? गिऱ्हाईक चिडले की हेच सांगा, असे आपल्याला वरून शिकवले असणार. चूल वेगळी, उलथने वेगळे, हे सगळे आपले म्हणणे. मला पुरावा पाहिजे.

पद्मावती गांवकर

*

धारगळ
२५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय पद्मावतीकाकी,

तुमचं पत्र वाचल्यावर 'बाई' लिहायला हात वळेना, म्हणून काकी लिहितो. आवडलं नाही तर सांगा.

पुरावा कसा पाठवावा याचा मी विचारच करत होतो, तोवर रविवारी तुम्ही स्वतः येऊन गेलात. आणि मी नेमका सुट्टीवर! सोमवारी येतो तर सगळी शाखा तुमच्याबद्दलच बोलत होती. सुविधानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. काही वाढवलं असेल तर तिनं.

म्हणे तुम्ही छत्री टेकत आलात आणि काउंटरवरच्या मुलाला म्हणालात, "रोल नको. रोलच्या आत जाते ते दाखव. त्याची पिशवी माझ्यासमोर फोड." तो घाबरून आत गेला आणि सुविधालाच बाहेर ढकलली. ती म्हणाली, "आज्जी, गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात न्यायला मनाई आहे." तुम्ही म्हणालात, "मग स्वयंपाकघर बाहेर आण."

तिनं एक बंद पिशवी आणि परात आणली. पिशवी तुम्ही उलटसुलट करून पाहिलीत, मग फोडायला लावलीत. तुकडे हात धुण्याच्या नळाखाली धरून मसाला निघून पांढरे पडेपर्यंत धुतलेत. मागे रांग लागली. सावंतवाडीकडचा एक ट्रकवाला ओरडला, "आज्ये, आमकां जेवाण गावतलां मां आज?" तुम्ही मागं न बघता म्हणालात, "राव रे जरा! माझा हात ओला आहे." सगळी रांग हसली. ट्रकवालाही हसला.

मग म्हणे तुम्ही चिमटीत काहीतरी धरलंत, उजेडाकडे नेलंत आणि जवळच्या खुर्चीवर बसलात. सुविधा सांगते, "आज्जी रडत होती की हसत होती तेच कळेना. पाणी दिलं तर सगळं प्याली. आणि उठून बसस्टॉपकडे गेली."

काकी, ते काय होतं? तुम्ही काय ठरवलंत? इथं सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे. सुविधाला वाटतं, आता अन्न तपासणारे येणार.

तुमचा,
गौरेश

*

मुळगाव
१ मार्च २०२५

चि. गौरेश यास अनेक आशीर्वाद.

काकी चालेल.

ते बी होते. करंगळीच्या नखाएवढे, कोवळे, पांढरे, पातळ पापुद्र्यात बसलेले. नखाने दाबले तर आतून पिठूळ गर आला. कोंबडीला बी नसते.

म्हणजे माझी आंगवण शाबूत आहे. तुमच्या त्या मुलीने पाणी दिले हे तिने चांगले केले. बसमध्ये म्हापशापर्यंत उभे राहावे लागले आणि मला त्याचे काहीच वाटले नाही. डिचोलीच्या बाजारात उतरून एका ओळखीच्या बाईशी मी उगाच गप्पा मारल्या. ती घाबरून म्हणाली, "पद्मावती, तुझी प्रकृती बरी आहे ना?" घरी येऊन भात, डाळ आणि लोणचे एवढेच जेवले, पण पोटभर. रोल खाल्ल्यापासून पहिल्यांदाच.

फणस का ओळखता आला नाही, याचा मी विचार केला आहे. आमच्याकडे फणसाला खोबरे पडते, फार तर मिरची. त्याला कोंबडीचा मसाला लावलेला मी आयुष्यात पाहिला नाही. ज्या घरात नुस्ते-मासळी खातात त्या घरात भाजीला मांसाचे सोंग कोण देईल? खायचे त्या दिवशी खातात, नसते त्या दिवशी भाजीला भाजी म्हणून खातात. माझी जीभ मसाल्याला फसली. जन्मभर शिवराक असलेल्या बाईने दहा वेळा विचारून मग तोंडात घातले असते. मला बाहेर शिवराक जेवायची सवयच नाही.

त्या मुलीला काउंटरवर परत बसव. "ते तसंच असतं" हे तिचे बोलणे खरेच होते. 'फणस आहे' एवढेच म्हणाली असती तर तिचेही हाल झाले नसते आणि माझेही. तिला तेवढे बोलायला शिकव. तिला हटवा असे मी रागात लिहिले होते, ते मागे घेते. आणि तुमच्या फलकावर 'धुरकट मेजवानी' असे काहीतरी लिहिले आहे. त्यावरून देवालाही काही कळायचे नाही. 'फणस' असे लिहा. स्वस्त शब्द आहे.

आता एक अवघड गोष्ट लिहिते. आंगवण मोडली नव्हती, तरी सुनावणी पुढे गेली. म्हणजे माझ्या तोंडाचा आणि त्या कोर्टाचा काही संबंध नाही, हे प्रयोगाने सिद्ध झाले. हे मला कळले आहे. आणि तरी अमोल येईपर्यंत मी मासळी खाणार नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसतात आणि भांडत नाहीत, याचे मलाच नवल वाटते.

पद्मावती

*

धारगळ
१७ मार्च २०२५

आदरणीय काकी, सा. नमस्कार.

सुविधा काउंटरवर परत आली. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. आता ती कुणी विचारो न विचारो, प्रत्येकाला बजावते, "फणस आहे हां, फणस! मग म्हणू नका." काल एका माणसानं चिकन मागितलं, त्यालाही तिनं फणस असल्याचं सांगून टाकलं. तिला आवरताना माझी पुरेवाट होते.

फलकावर मी कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत 'फणस' लिहिलं. मुंबईचा साहेब आला तेव्हा म्हणाला, हे काय गावठी? मी म्हटलं, साहेब, इथली माणसं गावचीच आहेत. तो रागावला, पण त्यानं तो रोल मागवून खाल्ला. कागद अजून आहे.

आता एक सांगतो, रागावू नका. आमची मोरजाई ही तुमच्या केळबाईची बहीण. परवा आईबरोबर देवळात गेलो होतो, तेव्हा अमोलदादा सुखरूप यावा म्हणून त्याच्या नावानं देवीला गाऱ्हाणं घातलं. नाव तुमच्या पत्रातलंच घेतलं. आईनं विचारलं, अमोल कोण? मी म्हटलं, ओळखीच्या काकींचा मुलगा. ती म्हणाली, "मग त्या काकीला एकदा घरी आण." तुम्ही गुपित म्हणून सांगितलं होतं, म्हणून बाकी काही बोललो नाही.

काही बातमी असेल तर दोन ओळी लिहा. नसेल तरी लिहा.

गौरेश

*

मुळगाव
२२ मार्च २०२५

चि. गौरेश,

न विचारता गाऱ्हाणे घातलेस हा आगाऊपणा आहे. मी तुझी आभारी आहे.

बातमी नाही. सेजल पुन्हा मुंबईला गेली आहे. गेला आठवडा फोनही आला नाही.

पद्मावती

*

मुळगाव
२९ एप्रिल २०२५

चि. गौरेश यास अनेक आशीर्वाद.

अमोल आला.

मध्ये पत्र लिहिले नाही कारण लिहिण्यासारखे काही हातात नव्हते, आणि हातात आले तेव्हा विश्वास बसेना. दुसऱ्या एका कंपनीने जहाज विकत घेतले, तिची माणसे चढली आणि आमची उतरली. एवढ्या महिन्यांचा गुंता एका दुपारी सुटला. शुक्रवारी मोपाला उतरला. दाढी वाढलेली, गळ्याची हाडे दिसत होती. सेजल त्याच्याकडे धावली. मी जागेवरून म्हटले, "सामान कुठे आहे?" दुसरे काही सुचले नाही. परतताना तुझ्या शाखेवरून गेलो, पण थांबलो नाही. मला घरचा उंबरा गाठायचा होता.

आधी केळबाईला नारळ दिला, मग घरी आलो. त्याच दिवशी सकाळी मी डिचोलीच्या बाजारातून इसवण आणली होती. कोळीण म्हणाली, "बाय, इतल्या म्हयन्यांनी?" मी म्हटले, "तू काप, बोलू नको." हुमण केले, तुकड्या रव्यात घोळून तळल्या. ताट वाढले. स्वतःचेही वाढून घेतले. अमोल पाटावर बसला, ताटाकडे बघितले आणि हळूच म्हणाला, "आई, शिवराक काही नाही का?"

मला वाटले, थट्टा करतो आहे. मग सेजलने विचारले आणि त्याने सांगितले. नोव्हेंबरपासून जहाजावर शिधा येणे बंद झाले होते. तांदूळ होते. बाकी काय, तर कठड्यावरून गळ टाकायचा आणि लागेल ते उकडायचे. सकाळी मासळी, संध्याकाळी मासळी, पुढेपुढे तर मिठाशिवाय. फोनवर मी विचारायची, जेवलास का? तो म्हणायचा, मासळी-भात खाल्ला. मी मनात म्हणायची, निदान एवढे तरी सुख आहे.

तेव्हा मी त्यांना आंगवणीचे सांगितले. सेजल रडली, ते अपेक्षितच होते. अमोल जो हसायला लागला, तो त्याला ठसका लागला, पाणी द्यावे लागले. "आई," म्हणाला, "तू सोडलंस तें सगळं नुस्तें देवीनं माझ्याकडे धाडलं गो!"

सेजलने उठून मुगाची आमटी आणि भेंडीची भाजी केली. तो तीनदा भात घेऊन जेवला. दोघे माझ्याकडे बघून हसत होते. मी हसले नाही. माझ्या तोंडात इसवणीची तुकडी होती, आणि काटा सांभाळायचा होता.

तुझी,
पद्मावतीकाकी